भिंतीतली लोकर

माझं नाव हौसाबाई. माहेर माण, सासर तळवडं. चीनची लढाई झाली त्या साली माझं लगीन झालं, तवा मी पंधरा-सोळा वर्सांची आसंन, म्हंजे आता चाळिशीच्या आतच हाय मी, केस पांढरे बघून म्हातारी लिवू नका बाई. आमचा बा हाताचा लई सुटलेला. बैल चुकला तर बैलाला, आय चुकली तर आयला, आन कुनीच चुकलं न्हाई तर जे हाताला घावंल त्याला. मी त्यातच वाढले, तवा मला वाटायचं मारनं म्हंजे बोलन्याचीच एक रीत हाय. सासरी आले, पहिल्याच म्हयन्यात सासूनं झिंज्या धरल्या, मी तिचा हात असा पिरगाळला की ती चार दिस भाकरी थापू शकली न्हाई. गावात बोभाटा झाला, माणची पोरगी वाघीन हाय. मला काय, मला बरंच वाटलं.

घर म्हंजे दगड-मातीचं, दोन खन. एकात आमी, दुसऱ्यात धाकटा दीर बबन, मधी एकच भिंत. आता तुमी शिकलेल्या, तुमास्नी ठावं नसंल, भितीला लिंपन करायचं म्हंजे माती, शेन आन गव्हाचा भुसा घालायचा, तिन्ही तुडवायचं, आन मग हातानं चोपडायचं. भुसा कशाला, तर माती धरून ठेवायला. पर भुसा आला की वाळवी आली. आमच्या घरात वाळवीनं सासूची लग्नातली साडी खाल्ली, ट्रंकंच्या तळातनं वर आली, आन सासूनं त्यापायी मला लाटन्यानं बडवली, म्हनली तू लिंपन कच्चं करतीस. मी लाटनं हिसकून घेतलं आन चुलीत घातलं. पर मनात बसलं माझ्या, की वाळवी लागनार न्हाई असं लिंपन करून दावीन तरच नावाची हौसा.

तवर मालक पिंपरीकडं कंपनीत लागले व्हते. तिकडं कंपन्यावर कंपन्या येत व्हत्या, मानसं मिळंनात. मालकांचं काम काय, तर वाफेच्या पायपांना आन बॉयलरला गोधड्या घालायचं. हसू नका, खरंच गोधड्या. पांढरी लोकर यायची, दगडातनं निघती म्हने, ती कापडात भरायची, दाभनानं शिवायची आन पायपाला गुंडाळायची, म्हंजे वाफ थंड व्हत न्हाई. मालक शिवनीत लई हुशार. घरी यायचे तर भुवया पांढऱ्या, कानाचे केस पांढरे, मी पदरानं झटकायची, आमी दोघं हसायचो. त्यांची कापडं मीच आपटून धुयाची.

एकदा फरशीवर सांडलेली लोकर मालकांनी पोत्यात भरून सायकलीवर आनली. चुलीत टाकून दावली, जळली न्हाई. मी बघितलं आन माझ्या डोस्क्यात आलं, जी आगीला भीत न्हाई ती वाळवीला काय भिनार. भुशाच्या जागी मी ती लोकर मातीत घातली. ही अक्कल माझी, बाई, कुनाची न्हाई, दोष बी माझाच. काय भित झाली म्हनून सांगू तुमास्नी! भेग न्हाई, वाळवी न्हाई, पोपडा न्हाई, हात फिरवला तर मऊ. सासू बी गप झाली. मग मालक अजून पोती आनत गेले, आन आमचा खन, बबनची बाजू, चूल, न्हानीचा कट्टा, सगळं त्याच मातीचं केलं. दर दिवाळीला वरनं नवा हात. गल्लीतल्या चार बायांनी मागितली, त्यांना बी दिली, आन शिकवायला मी सोता गेले. लिंपन करावं तर हौसानं, असं बाया म्हनायच्या.

सुमी माझी एकुलती. धा वर्सांची असताना मी तिला चिखल तुडवायला खड्ड्यात उतरवायची, लहान पाय चांगले, गुठळी ऱ्हात न्हाई. एका दिवाळीच्या आधी ती खड्ड्यात उभी ऱ्हाली आन म्हनली, आये, पायाला टोचतंय, आन घशात खवखवतंय, मी न्हाई तुडवत. मी म्हनलं नखरे नगंत. ती म्हनली नखरे न्हाई आये, खरंच टोचतंय, आन बाहीर आली. आन मी निरगुडीचा फोक मोडून घेतला. बाई, मी तिला किती मारलं ते मला आज बी मोजता येत न्हाई. पोटऱ्यांवर वळ उठले, वळांवर रगात आलं, आन तसंच पुन्ना तिला चिखलात उतरवली. तिनं तुडवलं. खोकत खोकत तुडवलं. त्यानंतर पोरगी आमच्याशी बोलायची, पर कधी काय दुखतंय ते बोलली न्हाई. ताप आला तरी सांगायची न्हाई. मी समजत व्हते, सुधारली.

पुढं मालकांना दम लागायला लागला. आधी चढावर सायकलीवरनं उतरायचे, मग सपाटीवर बी उतरायचे. दवाखान्यात फोटू काढला, एकानं टीबी म्हनून सुया टोचल्या, दुसरा म्हनला टीबी न्हाई, दुसरंच काय तरी हाय. मानूस मूळचा गरीब गाय, पर खोकला आला की राग यायचा आन राग आला की हात उठायचा. सतरा वर्सं ज्यानं बोट लावलं न्हाई त्यानं मला भाजीत मीठ कमी म्हनून कढईचा दांडा मारला. आन मी काय गप बसनारी हाय व्हय, मी बी ढकलून द्यायची. दोघं बी मग भितीला टेकून धापा टाकायचो.

त्यांच्या खात्यात सावंत म्हनून फिटर व्हते, कोकनातले, आधी मुंबईला गोदीत काम केलेले. ते मालकांना बघायला आले. मी चहा टाकला. सावंत बसले, भितीकडं बघितलं, उठले, नखानं जरा खरवडलं, थुंकी लावून बोट उनात धरलं. आन मग तडक उठून अंगनात गेले. म्हनले, वयनी, मी आत बसनार नाय. चहा हितं द्या. मला वाटलं आमच्या घराचा इटाळ मानतोय हा. मी कपातला चहा, बाई, तसाच उकळता त्यांच्या अंगावर फेकला. मांडीवर पडला. वाईट भाजलं असनार, पर मानूस हलला न्हाई. म्हनले, चहा फेका, कप फेका, पर मी सांगतो ते ऐका. तुमचा नवरा कंपनीत जे खाऊन आजारी पडला ना, ते तुमी घरात भितीला लावलंय गो बाय.

मग त्यांनी सांगितलं. गोदीत येक परदेशी बोट दुरुस्तीला आलती, तिच्या पायपांची जुनी लोकर काढायची व्हती. आपली मानसं हातोडी घेऊन धावली तर बोटीवरच्या गोऱ्या साहेबानं आरडाओरड करून त्यांना ढकलून बाहीर काढलं, तोंडाला रबरी मास्क लावल्याबिगर आन पानी मारल्याबिगर कुनाला आत सोडलं न्हाई. सावंत म्हनले, तवा आमी त्याला येडा म्हनलो. मागनं त्याच खात्यातली आमची मानसं एकेक करून तुमच्या मालकांसारखी झाली, तवा कळलं येडं कोन. ती लोकर सुईसारखी असती, डोळ्याला दिसनार न्हाई येवढी बारीक, सुकली आन उडाली की छातीत जाऊन रुतती, ती पुन्ना बाहीर येत न्हाई. मी इचारलं, ओली असली तर लहान पोराच्या पायाला टोचती का? ते म्हनले, लहान मुलांच्या मऊ पायाला टोचनारच की. त्यांच्या मांडीला लावायला तेल आनायचं बी मला सुचलं न्हाई.

त्याच आठवड्यात कुरुळीहून निरोप आला. सुमीला तिकडं दिलेली. निरोप असा की सातवा लागलाय, वटी भरली की म्होरल्या म्हयन्यात माहेरी धाडतो. पहिलं बाळंतपन माहेरी, ही आपली रीत. म्हंजे माझी लेक त्याच खोलीत बाळंत व्हनार, शेगडी लावून दारं बंद करून सव्वा म्हयना त्याच भितींत निजनार, आन उघड्या छातीचं पोर तिच्या कुशीत. मी ठरवलं, भिती सोलायच्या. म्हयना हाय.

मालकांना सांगितलं तर त्यांनी तांब्या फेकून मारला, हा बघा कपाळावर व्रन. म्हनले, मी आनलेली वस्तू इख हाय म्हनतीस? वीस वर्सं मी इख शिवलं? मी म्हनलं, व्हय. ते उठले आन माझा गळा धरला, दोन्ही हातांनी. बाई, त्या हातांत ताकदच न्हवती. मी मनात आनलं असतं तर एका बोटानं सोडवलं असतं. मी तशीच उभी ऱ्हाले. ते गळा धरून खोकायला लागले, आन मग माझ्याच खांद्यावर डोकं टेकून रडले. म्हनले, कर काय करायचं ते.

सासू तवर गेल्याली, राह्यला बबन. भित दोघांची. त्याला म्हनलं, भाऊजी, तुमच्या बी पोरांसाठी हाय, सावंत म्हनतात तसं दोन्ही अंगांनी भिजवू, मग काढू. तो कंपनीतनं शिफ्ट करून आल्याला, तापल्याला. म्हनला, आधी गावभर मिरवलंस, आता इख म्हनतीस, तू माझ्या घराला नावं ठेवतीस? भितच पाडायची ना? मग घे. आन पहार घेऊन मधल्या भितीवर, कोरड्या भितीवर, दनादना घाव घालायला लागला. ढपले पडायला लागले. दारातनं ऊन येत व्हतं आन त्या उनात नुसती पांढरी धूळ, चमकत व्हती, आन त्याची दोन पोरं दारात उभी ऱ्हाऊन मजा बघत व्हती. मी ओरडले, थांबा भाऊजी, पोरं आत घ्या, थांबा. तो हसला आन अजून जोरात हानायला लागला. मी कोपऱ्यातलं मुसळ उचललं आन त्याच्या मनगटावर घातलं. काड्कन आवाज आला. पहार पडली. त्याच्या बायकूनं मला केसाला धरून अंगनात फरफटत नेलं, दंडाला चावली, मी बी तिला लाथाडलं, पर तोंडानं एकच, पोरं बाहीर काढा, पोरं बाहीर काढा. गावातली जानती मानसं जमली. बबनचं हाड मोडलं व्हतं. मला म्हनले, माफी माग. मी म्हनलं, मागते, पाय बी धरते, पर ती भित कोरडी फोडाल तर दुसरा हात बी मोडीन.

सावंतांनी सुट्टी टाकली. कंपनीच्या स्टोअरमधनं सोताच्या नावावर दोन रबरी मास्क आनले, चापट डब्या लावलेले. मी म्हनलं पदर बांधते की. ते म्हनले, पदरानं ती सुई गाळली जात नाय, पदर बांधनं म्हंजे मनाचं समाधान. सगळ्यांना लांब चिंचेखाली बसवलं. घरातली भांडी, धान्य, कपडे ओल्या फडक्यानं पुसून बाहीर. दारं-खिडक्यांना ओली गोनपाटं टांगली, आत वारा नको म्हनून. हंड्यात साबन किसून टाकला, साबनाचं पानी मातीत मुरतं, नुसतं वरनं वाहून जात न्हाई. ते पानी कुंच्यानं शिंपडायचं, हळू, फेकून न्हाई मारायचं. भिजवायची, थांबायचं, पुन्ना भिजवायची, आन माती चिखल झाली की ठोकून सपाट केलेल्या फावड्यानं खालनं वर सोलायची. ठोकायचं न्हाई, फोडायचं न्हाई, झाडू तर घराच्या आसपास दिसता कामा नये. झाडूपायी सावंतांनी मला पहिल्याच दिवशी शिवी घातली, वीस वर्सांची सवय, हात आपसूक गेला. मी शिवी खाल्ली. तवर मला शिवी देऊन जिता गेलेला पुरुष तो एकटाच.

सोललेला चिखल ओल्या पोत्यात, ते पोतं दुसऱ्या पोत्यात. चिंचेखालनं मालक ओरडायचे, अर्धंच भरा, तोंड दुमडा, सुतळी दुहेरी घ्या, टाका इतभर नको, बोटभर घ्या. शिवायला येऊ का म्हनायचे. सावंत म्हनायचे, धोंडिबा, जागचा हललास तर मी काम सोडून जाईन. तिसऱ्या दिवशी बबन आला, एक हात गळ्यात. हिरीवरनं दुसऱ्या हातानं बादल्या आनून दाराशी ठेवायला लागला, आन प्रत्येक बादलीबरुबर मला एक शिवी. मी मास्कातनं म्हनायची, अजून आना. नऊ दिस चाललं. रोज निघताना दाराशीच लुगडं उतरवायचं, भिजवायचं, केसावरनं पानी घ्यायचं, आन मगच तोंडात घास. शेवटी जमीन ओल्या फडक्यांनी तीनदा पुसली, आन फडकी बी पोत्यात, लुगडी बी पोत्यात. चूल आन न्हानीचा कट्टा भिजवून त्यांची बी पोती केली. हिरीपासनं लांब, वढ्यापासनं लांब, आमच्या पडीक तुकड्यात दोन पुरुष खोल खड्डा खनला, पोती ठेवली, वर मुरूम, वर दगड. बबनला सांगून ठेवलंय, वाटनी झाली तरी हितं नांगर घालायचा न्हाई.

घर उघडं पडलं बाई, नुसते दगड. त्यावर साधी माती-शेन आन भुसा, वाळवीची नेहमीचीच भित केली, आन ती वाळायला दोन दिस कमी पडतात की काय म्हनून मी पंख्यानं वारा घालत बसायची. आन सुमी आली. जावई टेम्पोतनं घेऊन आला. पोट एवढं पुढं, चेहरा सुकल्याला. मी भाकर-तुकडा ओवाळला. ती उंबऱ्याशी थांबली, आत बघितलं, म्हनली, आये, पांढरी भित कुठं गेली? मी सांगितलं. सगळं सांगितलं, सावंत, मालकांची छाती, सुया. जावई, बबन, त्याची बायकू, सगळी उभी.

तिनं ऐकून घेतलं. मग लई बारीक आवाजात म्हनली, म्हंजे तवा मी खरं बोलत व्हते.

मी म्हनलं, व्हय.

मला टोचतच व्हतं.

व्हय गं.

आन तू मारलंस.

बाई, मला वाटलं आता ही रडंल, गळ्यात पडंल, मी बी पडीन. मी म्हनलं, सुमे, मार मला. आन तिनं मारली. खरंच मारली. सगळ्यांसमोर, उजव्या हातानं, कानाखाली, अशी की माझं डोरलं फिरून पाठीवर गेलं. जावई पुढं आला तर मी त्याला हातानं थांबवलं. तिनं दुसरी मारली. तिसऱ्यांदा हात उचलला, आन पोटाला हात लावून म्हनली, आये, माझी कंबर लई दुखतीया. सात-आठ वर्सांत पहिल्यांदा पोरीनं मला काय दुखतंय ते सांगितलं. मी तिला धरून आत नेली.

पोरगा झाला, गुटगुटीत. मालकांनी त्याला चार म्हयने बघितला, लांबनंच, खोकला लागंल म्हनून मांडीवर घेत न्हवते, मग गेले. बसल्या-बसल्या गेले, आडवं पडलं की श्वास येत न्हवता. शेवटी शेवटी त्यांना राग बी येत न्हवता, तेच मला सोसलं न्हाई.

ज्या चार घरांना मी लोकर दिली तिथं बी गेले. दोघींनी काढू दिली, मीच काढली, त्याच रीतीनं. एकीनं दारातनंच शेनाचं पानी अंगावर ओतलं. चौथीची भित धड हाय, पोपडा न्हाई, सावंत म्हनले धड असंल तर उगा हात लावू नका, वरनं चुन्याचा जाड हात द्या, खिळा ठोकू नका, तशीच ऱ्हाऊ द्या. तिला चुना मीच लावून दिला, शिव्या खात. तुमी हे लिवून घ्या बाई, पान्याबिगर हात लावायचा न्हाई आन झाडू मारायचा न्हाई, बाकी माझं काय लिवायचं ते लिवा, चांगलं लिवू नका. तुमच्या पोरीबाळी मोकळ्या छातीनं हसू देत.

सुमीला आज काय न्हाई. पर डाक्टर म्हनला, आज न्हाई म्हंजे न्हाईच असं न्हाई, वीस वर्सांनी निघतं, तीस वर्सांनी निघतं. कुनाला मुसळ घालून हे थांबनारं न्हाई. ती माहेरी आली, जेवून दुपारची कुशीवर लवंडली की मी तिच्या पाठीला कान लावते. ती म्हनती, आये, काय ऐकतीस? मी म्हनते, काय न्हाई, झोप.